चोरपावलांचा इतिहास

आवाज न करता, हळूच टाकलेल्या पावलांना आपण मराठीत चोरपावले म्हणतो. चालणारा चोर असलाच पाहिजे असे नाही. निजलेल्या बाळाची झोप मोडू नये म्हणून आईसुद्धा चोरपावलांनीच खोलीबाहेर येते. गडाला चोरदरवाजा असतो, आणि तो गडाच्या धन्यानेच बांधून घेतलेला असतो. सदऱ्याच्या आतल्या खिशाला चोरखिसा म्हणतात, पण त्यातले पैसे मालकाचेच असतात. तरीही शब्दाने चोराला काही सोडलेले नाही. लपण्याची कला आणि चोरी यांची भाषेत अशी गाठ बसून गेली आहे. ही गाठ काही माणसांना फार महागात पडली. ती माणसे आपल्या बुलडाणा जिल्ह्यातही आहेत, घाटावर आहेत आणि घाटाखालीही आहेत. त्यांच्याविषयी बोलायचे आहे, पण सुरुवात संगणकावरच्या एका खेळापासून करतो, कारण या विषयाकडे मी त्याच वाटेने आलो.

घरातल्या मुलांमुळे मला 'स्कायरिम' नावाचा खेळ पाहायला मिळाला. अमेरिकेतल्या बेथेस्डा कंपनीने तो २०११ साली बाजारात आणला. बर्फाळ डोंगरांचा एक काल्पनिक मुलूख, त्यात तलवारी, जादू आणि उडणारे अजगर. खेळणाऱ्याने आपले एक पात्र घ्यायचे आणि या मुलखात हिंडायचे. पात्राला अठरा प्रकारची कसबे येऊ शकतात. त्यातले एक कसब म्हणजे कोणाच्या नजरेस न पडता वावरणे. त्याला गुण असतात, शंभरापर्यंत. पात्र खाली वाकून चालू लागले की पडद्याच्या मधोमध एक डोळा दिसतो. डोळा मिटलेला असेल तर तुम्ही लपलेले आहात, उघडू लागला की कोणाला तरी संशय आला आहे. अंगावर जड चिलखत असेल तर आवाज होतो, उजेडात उभे राहिले तर दिसता, घाईने पाऊल टाकले तर ऐकू जाते. कोणाच्या जवळपास असूनही न दिसता राहिलात की गुण हळूहळू वाढतात. पैसे मोजून गुरूकडूनही शिकता येते, पण एका पायरीवर पाचच धडे, पुढचे धडे पुढच्या पायरीवर.

मला हा हिशेब आवडला. सरावाने येणारी गोष्ट सरावानेच येते, एवढे तरी खेळ करणाऱ्यांनी मान्य केले आहे. अर्थात पोरांनी त्यातही पळवाट काढलीच. एखाद्या पात्राच्या पाठीमागे वाकून उभे राहायचे, तोंड भिंतीकडे करायचे आणि चालण्याचे बटण दाबून धरायचे. पात्र जागच्या जागी पाय हलवत राहते आणि गुण मात्र वाढत जातात. आपल्याकडे गाइड पाठ करून पदवी मिळवतात, त्यातलाच हा प्रकार.

लपण्याला गुण देण्याची ही पद्धत संगणकाच्याही आधीची आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनिव्हा नावाचे गाव आहे. तिथल्या गॅरी गायगॅक्स याने डेव्ह अर्नेसन याच्या साथीने १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा कागद, पेन्सिल आणि फाशांवर खेळायचा खेळ काढला. दुसऱ्याच वर्षी त्याच्या पुरवणीत 'चोर' हे पात्र आले. १९७८ च्या नियमपुस्तकात तर कोष्टकच आहे. पहिल्या पायरीवरच्या चोराला आवाज न करता चालणे शंभरात पंधरा वेळा साधते, सावलीत लपणे दहा वेळा, भिंत चढणे मात्र पंच्याऐंशी वेळा. म्हणजे भिंत चढणे सोपे आणि भिंतीच्या सावलीत गप्प उभे राहणे अवघड. ज्याने हे आकडे बसवले त्याला माणसाच्या स्वभावाची चांगली जाण असावी.

त्याच पुस्तकात आणखी एक कोष्टक आहे. पात्र कोणत्या वंशात जन्मले यावरून लपण्याचे गुण वाढतात किंवा घटतात. स्कायरिममध्येही तेच. तिथे खाजीत नावाची मांजरमुखी जमात आहे. खेळाच्या सुरुवातीलाच या जमातीच्या पात्राला लपण्याचे पंचवीस गुण मिळतात, सगळ्या जमातींत जास्त. खाजीत लोक व्यापारी तांडे घेऊन गावोगाव फिरतात, पण त्यांना नगराच्या वेशीआत घेत नाहीत. ते चोर आहेत असा नगरवासीयांचा समज. म्हणून त्यांचे तंबू दरवाजाबाहेर असतात, आणि गावातले लोक गरजेपुरते बाहेर येऊन त्यांच्याशी सौदा करतात.

खेळ रचणाऱ्यांनी हे कुठून घेतले ते असो. पण जन्माने चपळ, म्हणून जन्माने चोर, म्हणून वेशीबाहेर, ही गोष्ट आपल्याकडे कोणाला काल्पनिक वाटणार नाही. मी फासेपारध्यांविषयी बोलतो आहे.

पारध म्हणजे शिकार, आणि फास लावून शिकार करणारा तो फासेपारधी. बंदूक नाही, कुत्र्यांचे टोळके नाही, घोडा तर नाहीच. लांब दोरीला ओळीने फास बांधायचे, काळविटांच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर ती दोरी गवतात अंथरायची आणि कळप सावकाश तिकडे वळवायचा. हे वळवणेच खरे कसब. घाई केली तर कळप उधळतो आणि भलतीकडे जातो. वारा पाठीमागून असेल तर माणसाचा वास आधी पोहोचतो. काळविटाची नजर हालचाल फार लवकर टिपते, म्हणून त्याने मान वर केली की जिथे असू तिथे, एक पाय उचललेला असेल तरी तसेच थांबायचे.

याहून मोठी युक्ती म्हणजे गाय. फासेपारधी शिकवलेली गाय बाळगत. गाय चरत चरत पुढे जाते, पारधी तिच्या आडोशाने, तिच्याच चालीने सरकतो. तितरांना, काळविटांना गायीचे भय नसते. गायीला पाय आहेत किती, हे काही ते मोजत नाहीत. चित्ता बाळगणारे पारधीही होते. ते चित्त्याच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला बैलगाडीवर बसवत आणि गाडी कळपाच्या जवळ नेत. काळवीट शेतातल्या बैलगाडीला भीत नाही, हे त्यांना ठाऊक होते. लपणे म्हणजे अदृश्य होणे नव्हे. समोरच्याला ज्याची सवय आहे त्याचे रूप घेणे, हे लपणे. खेळातला तो डोळा अंधार आणि आवाज मोजतो, पण सवय त्याला मोजता येत नाही. इथे आमचा पारधी त्या खेळाच्या पुढे आहे.

माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा या शास्त्रज्ञांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या शिकारी जमातींचा अभ्यास केला. त्यात दिसले ते असे. एकाच मुलखात फिरणाऱ्या तीन जमातींनी शिकार वाटून घेतली होती. फासेपारध्यांकडे काळवीट आणि पक्षी, नंदीवाल्यांकडे कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड, वैदूंकडे छोटी मांसभक्षी जनावरे. फासात गाभण मादी किंवा पाडस सापडले तर सोडून देण्याची फासेपारध्यांची रीत होती, हेही गाडगिळांनी नोंदवले आहे. हा अभ्यास आपल्या भागातला नाही, पण जमात तीच आणि फासही तोच. हे कसब पोरे कुठे शिकत? शाळा नव्हती, पायरीमागे पाच धडे देणारा गुरू नव्हता. बापामागे चालायचे, एवढेच शिक्षण. आणि चुकले की त्या दिवशी चूल पेटत नसे. याहून कडक परीक्षक कुठला असेल?

या कलेला आपल्या इतिहासात मान मिळालाच नाही असे मुळीच नाही. जिजाऊंचे जन्मगाव सिंदखेडराजा आपल्या जिल्ह्यात. तिथून जालना तीस-पस्तीस किलोमीटर. नोव्हेंबर १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी जालना लुटले. लूट घेऊन परतताना संगमनेरच्या बाजूला मोगल सरदार रणमस्तखान आडवा आला. लढाईत सिधोजी निंबाळकर पडले. फौजेबरोबर लुटीचे ओझे होते आणि मोगलांची आणखी कुमक येत होती. अशा वेळी बहिर्जी या जासुदाने फौज सुखरूप नेण्याची हमी घेतली. शत्रूला पत्ता लागू न देता, आडवाटेने, रात्रीचा दिवस करून त्याने सगळ्यांना पट्टागडावर पोहोचवले. महाराजांनी तिथे विसावा घेतला, म्हणून गडाचे नाव विश्रामगड पडले. ही हकिकत सभासदाच्या बखरीत आहे. ती बखर राजाराम महाराजांच्या काळात जिंजीला लिहिली गेली, म्हणजे पाहिलेली, ऐकलेली माणसे तेव्हा हयात होती.

आपण शाळेत लाल महालाची गोष्ट शिकतो, १६६३ ची. साठ माणसांनिशी पन्हाळा घेणाऱ्या कोंडाजी फर्जंदाची शिकतो, १६७३ ची. या साऱ्या गोष्टी चोरपावलांच्याच आहेत. मला मात्र जालन्याची गोष्ट अधिक मोलाची वाटते. एकट्याने लपणे वेगळे, आणि घोडी, उंट, ओझी, जखमी माणसे यांच्यासह आख्खी फौज लपवत नेणे वेगळे. त्यासाठी नुसता दबकणारा पाय पुरत नाही, तर कुठल्या खिंडीत पाणी आहे, कुठल्या गावात शत्रूचा माणूस आहे, हे आधी हिंडून ठाऊक असावे लागते.

बहिर्जी नाईक रामोशी समाजातले होते असे परंपरा मानते. रामोशी म्हणजे रात्रीचे राखणदार, गडाचे आणि गावाचे. आता महाराष्ट्र शासनाची विमुक्त जातींची यादी काढून पाहा. तिच्यात चौदा नावे आहेत, आणि त्यांत रामोशी हे एक आहे. विमुक्त म्हणजे मोकळे केलेले. मोकळे करण्याआधी त्यांना अडकवले कोणी, याचे उत्तर शोधायला इंग्रजी अमलात यावे लागते.

वऱ्हाड १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आला. नव्या कारभाराला जमीनमहसूल हवा होता, कापूस हवा होता, आणि ज्याचे गाव ठरलेले आहे असा माणूस हवा होता. गाव नसलेल्या, आज मोताळ्याला आणि महिन्याने मेहकरला दिसणाऱ्या माणसाचे काय करायचे, हे त्या कारभाराला कळेना. पोलीस खात्यातल्या मेजर गनथॉर्पने १८८२ साली मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांतातल्या 'गुन्हेगार जमातीं'वर पुस्तकच छापले. त्यात पारधी आणि टाकणकार आहेत. टाकणकार हेही पारध्यांतलेच. घरोघरच्या जात्यांना टाकी लावून देणे हा त्यांचा धंदा. जाते गुळगुळीत झाले की पीठ भरड पडते, म्हणून बायका टाकणकाराची वाट पाहत. पोलिसांची नजर वेगळी. टाकी लावण्याच्या निमित्ताने हा माणूस घर हेरून जातो, असा त्यांचा संशय. तोच माणूस एका घरात गरजेचा आणि दुसऱ्या कागदावर गुन्हेगार.

१८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आधी उत्तर हिंदुस्थानासाठी होता. १९११ मध्ये नवा कायदा करून त्याची कक्षा देशभर वाढवली, १९२४ मध्ये तो पुन्हा एकत्र करून मांडला. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की त्या जाहीरनाम्याला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येत नसे. हे मी वाढवून सांगत नाही, कायद्यातच तसे कलम होते. मग नोंदवही, बोटांचे ठसे, ठरलेल्या वेळी हजेरी, गाव सोडायचे तर पास. पासाशिवाय सापडला तर शिक्षा. चोरी झाली की नाही, हा प्रश्नच नाही. ज्याचे सारे आयुष्य कोणाच्या नजरेत न येण्यावर चालले होते, त्याला रोज नजरेसमोर येऊन उभे राहण्याची सक्ती झाली. आणि रान बंद झाल्यावर त्याने खायचे काय, याची नोंदवहीत जागा नव्हती.

आता काहीजण म्हणतील, पण चोऱ्या होत होत्याच ना? होत होत्या. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' १९८७ साली आले, पुढच्या वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. मराठवाड्यातल्या उचल्या समाजात मुलांना खिसे मारायला कसे तयार केले जाई, हे त्यात आतल्याच माणसाने सांगितले आहे. ते वाचताना गंमत वाटत नाही. तिथे कसब वाढले की गुण वाढत नाहीत, मार वाढतो. गुन्हा करणाऱ्याला शिक्षा व्हावी याविषयी दुमत नाही. पण गुन्हा माणसाचा असतो. पाळण्यातल्या पोराचा नसतो.

स्वातंत्र्यानंतर अय्यंगार समितीने हा कायदा रद्द करण्याची शिफारस केली आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी तो गेला. त्याच वर्षी भारतातून चित्ता नामशेष झाल्याचे जाहीर झाले. चित्ता बाळगणारे पारधी ज्या वर्षी कागदावर मोकळे झाले, त्या वर्षी त्यांचा चित्ताही कागदावरून गेला. नंतर राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले आणि जुन्या नोंदवहीतली नावे नव्या वहीत सहज उतरली. याद्यांचा घोळ तर आजही संपलेला नाही. महाराष्ट्रात फासेपारधी आणि टाकणकार अनुसूचित जमातींत, राज पारधी आणि पाल पारधी विमुक्त जातींत. एकाच वाडवडिलांची लेकरे दोन वेगवेगळ्या खिडक्यांसमोर दाखल्यासाठी उभी. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या आयोगाने २००८ मध्ये भटक्या-विमुक्तांविषयी अहवाल दिला. आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमपुस्तकांतले जातीवर बेतलेले नियम रद्द केले. विमुक्त आणि भटक्या जमातींच्या माणसांना जन्मावरून सराईत गुन्हेगार समजण्याची सोय त्या नियमांत होती. १९५२ ते २०२४. बहात्तर वर्षे हे नियम कोणाला बोचले नाहीत!

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. ती योग्यच होती असे माझे मत आहे. काळवीट उरावेत यासाठी दुसरा मार्ग नव्हता, आणि काळवीट संपवले ते काही फासांनी नव्हे, तर बंदुकांनी आणि नांगराखाली गेलेल्या गवताळ रानांनी. पुढे विदर्भात वाघांच्या शिकारीच्या खटल्यांत बहेलिया-पारध्यांतल्या काही जणांना शिक्षाही झाल्या. त्या पुराव्यावर, माणसागणिक झाल्या, तेच रास्त. पण बंदी घालताना, या कसबाला दुसरे काय काम देता येईल हे कोणी विचारले नाही.

चोरपावलांचा सगळ्यात मोठा जाणकार आपल्या जिल्ह्यात डिसेंबर २०१९ मध्ये आला. यवतमाळच्या टिपेश्वरमधला एक तरुण वाघ गळ्यात रेडिओ पट्टा घेऊन निघाला, तेलंगणातून फिरून परत महाराष्ट्रात शिरला, आणि तेराशेच्या आसपास किलोमीटर चालून बुलडाणा-खामगाव वाटेवरच्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन थांबला. कापसातून, तुरीतून, रस्ते ओलांडत, बहुतेक रात्रीच. वाटेतल्या बहुतेक गावांना तो जवळून गेल्याचे कळलेही नाही. गळ्यात पट्टा नसता तर आपल्यालाही कळले नसते. त्याला कोणी पास विचारला नाही. पेपरांनी त्याचे कौतुक केले, आणि ते मलाही वाटले.

पारध्यांच्या कसबाला काम मिळाल्याची उदाहरणे मात्र आहेत. मध्य प्रदेशात पन्ना इथे पारधी तरुण पर्यटकांना जंगलातून पायी फिरवतात आणि ठसे वाचून दाखवतात. आपल्या शेजारच्या अकोला-वाशिम भागात तणमोराच्या शोधासाठी फासेपारध्यांना सोबत घेऊन काम झाले आहे. तणमोर म्हणजे गवतात राहणारा माळढोकाच्या कुळातला छोटा पक्षी. पावसाळ्यात नर गवताच्या वर उंच उड्या मारतो आणि बेडकासारखा आवाज करतो, तेव्हा तो आहे एवढे समजते. मादी मात्र गवतात किंवा सोयाबीनच्या पिकात अंडी घालून अशी बसते की हातभर अंतरावरून माणूस निघून जाईल. देशभरात हा पक्षी आता फारच थोडा उरला आहे. त्याचे घरटे शोधायचे तर दुर्बीण आणि पुस्तक घेऊन गेलेल्याला मादी उडाल्यावरच कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो. पारधी वाऱ्याची दिशा पाहतो, बांधावरून गवत न्याहाळतो, हाताने मागच्यांना थांबवतो, आणि कुठे खुणेची काठी रोवायची ते दुरूनच दाखवतो. तिथून पुढे कोणी जायचे नाही, त्या शेतकऱ्यानेही त्या पट्ट्यात निंदणाला माणसे घालायची नाहीत, हे मग सगळे मिळून ठरवतात.